पाहुण्यांची खुर्ची

हौशी नाटक म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. दिवसा दुकान नाहीतर शेत सांभाळायचे आणि रात्री तालमीला जायचे. बिदागी नाही. उलट पदरचेच चार पैसे जातात. अशाच मंडळींवर अमेरिकेत १९९६ साली एक विनोदी चित्रपट निघाला. त्याचे नाव 'वेटिंग फॉर गफमन', म्हणजे गफमनची वाट पाहताना.

क्रिस्टोफर गेस्ट याने तो काढला. त्याने आणि युजीन लेव्हीने गोष्ट ठरवली, पण बोलणी लिहून दिली नाहीत. प्रसंग सांगायचा, नटांनी आपल्या मनाने बोलायचे. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला ही रीत नवी नाही, बरे का!

गोष्ट घडते मिसुरी राज्यातल्या ब्लेन नावाच्या गावात. हे गाव कल्पनेतले. ते वसवणारे लोक निघाले होते समुद्रकाठच्या कॅलिफोर्नियाला. वाटेत पुढाऱ्याला खाऱ्या वाऱ्याचा वास आला. पोचलो, असे समजून सगळे तिथेच राहिले. समुद्र तर अजून शेकडो कोस लांब!

या गावाला १५० वर्षे होतात, म्हणून त्याचा इतिहास गाण्यांच्या नाटकातून दाखवायचे ठरते. नाटक बसवणारा कॉर्की. हे काम गेस्टनेच केले आहे. नट कोण? एक दंतवैद्य, आइसक्रीमच्या दुकानातली एक मुलगी, मेलेल्या जनावरांत पेंढा भरणारा एक म्हातारा आणि प्रवासाची तिकिटे काढून देणारे नवरा-बायको. हे जोडपे लोकांना जगभर पाठवते, स्वतः मात्र गावाबाहेर फारसे पडलेले नाही.

कॉर्की गावच्या सभेकडे एक लाख डॉलर मागतो. गावाचा अख्ख्या वर्षाचा खर्चच मुळी पंधरा हजारांचा! नकार मिळताच स्वारी रुसून घरी जाते. मग नटमंडळी त्याची समजूत घालून त्याला परत आणतात. आपल्याकडेही दिग्दर्शक रुसतात, पण लाखासाठी नव्हे, पडद्यासाठी.

इथवर नुसते हसू येते. मग बातमी येते की न्यूयॉर्कहून गफमन नावाचे बडे गृहस्थ नाटक बघायला येणार. त्यांना आवडले तर थेट ब्रॉडवे! न्यूयॉर्कमधली मोठी नाटकघरे ज्या भागात आहेत, तो हा ब्रॉडवे. त्या दिवसापासून सगळ्यांचे डोळे एका खुर्चीवर लागतात. गावासाठी बसवलेले नाटक आता एका माणसासाठी होऊ लागते.

प्रयोगाच्या रात्री ती खुर्ची रिकामीच. बाकी गाव भरून बसले आहे, टाळ्या वाजवते आहे, ते नटांना पुरत नाही. तेवढ्यात एक अनोळखी माणूस येऊन तिथे बसतो. नटांच्या अंगात जोर येतो. प्रयोग संपल्यावर त्याला आत नेतात, तेव्हा कळते की हा गफमन नव्हेच! नात्यातले मूल बघायला तो गावात आलेला. खरे गफमन बर्फामुळे न्यूयॉर्कलाच अडकलेले.

मला या जागी हसू येत नाही. पहिल्या रांगेतली पाहुण्यांची राखीव खुर्ची आपणही पाहिली आहे ना?

पुढे ते जोडपे सिनेमात गर्दीतली कामे करू लागते. कॉर्की न्यूयॉर्कला जाऊन दुकान घालतो. आणि दंतवैद्य दूर फ्लोरिडात जाऊन म्हाताऱ्या माणसांपुढे गाणी म्हणतो.