शिवनदीची तब्येत कशी मोजावी?

चिपळूण शहरातून वाहत वाशिष्ठीला मिळणाऱ्या शिवनदीचा विचार २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर बहुतेक गाळाच्या घनमीटरांत झाला. पण गाळ काढल्याने पाण्याला वाट मिळते. नदी जिवंत आहे की नाही, ते कळत नाही. प्रयोगशाळेचा अहवालही अर्धेच सांगतो. आंघोळीयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमपर्यंत असावा, असा निकष आहे. पण तो प्राणवायू शेवाळामुळे भर दुपारी फुगतो आणि पहाटे तळाला जातो. बाटली कधी भरली, यावरच नदी पास की नापास! दगडाखालच्या किड्यांना मात्र पहाटही सोसावी लागते. म्हणून मेफ्लाय या प्राणवायूची कमतरता न सोसणाऱ्या कीटकाची पिल्ले सापडली तर कित्येक आठवड्यांची साक्ष मिळते. नुसत्या लाल अळ्या आणि गांडूळवर्गीय किडेच उरले असतील, तर सांडपाण्याने नदीचा निकाल लावलाच म्हणायचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांतही अशा किड्यांच्या कुळांना सोशिकतेनुसार गुण आहेत.

कोकणातला पाऊस किडेच वाहून नेतो, हा आक्षेप रास्त आहे, म्हणून मोजणी पावसाळा ओसरल्यावर आणि पुन्हा उन्हाळ्याआधी करावी. भरतीचे पाणी चिपळूणपर्यंत चढते, त्यामुळे शिवनदी वाशिष्ठीला मिळते तिथे नमुना घेऊन उपयोग नाही. तुलना करायची ती शहराच्या वरच्या आणि खालच्या, पण भरतीच्या पल्ल्याबाहेरच्या, दोन ठिकाणांची. मात्र जेसीबीने तळ नुकताच खरवडला असेल, तर किडे नसण्याचा दोष सांडपाण्यावर ढकलता येणार नाही.