पॅरिसपासून एमएच-05 पर्यंत

कल्याण-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी अडकून पडलं, की पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचण्यावाचून दुसरं काम नसतं. रिक्षा, टेम्पो, दुचाकी, बहुतेकांवर एमएच-05. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांना वाहनासाठी स्वतःचा संकेतांक नाही. तिन्हींकडच्या गाड्यांची नोंद कल्याणच्या परिवहन कार्यालयात.

गाडीला ओळख हवी, हे पहिल्यांदा पॅरिसच्या पोलिसांना 1893 मध्ये सुचलं. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1904 पासून नंबर सक्तीचा झाला. लंडनचा ‘ए 1’ पटकावला अर्ल रसेलने, तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या थोरल्या भावाने. त्यासाठी रात्रभर रांग लागली होती, असं तिकडे सांगतात. आपल्याकडे 1901 च्या सुमारास मोटार घेणाऱ्या पहिल्या भारतीयांत जमशेटजी टाटांचं नाव येतं. देशभराचा मोटार कायदा मात्र 1914 चा. संस्थानांच्या गाड्यांवर संस्थानाची पाटी असे, ब्रिटिश मुलखाची नव्हे.

आमच्या भागात नंबराचं नातं एमएच-05 पेक्षा जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं त्याच बराकींत उतरली, आणि 1949 मध्ये उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असंच म्हणतात.

लष्करी गाडीची पाटी नीट बघा. त्यावर राज्याचं अक्षर नसतं, वर टोक केलेला रुंद बाण असतो. ब्रिटिश अमलात सरकारी युद्धसामग्रीवर उमटणारी ही खूण. तिच्याजवळचे दोन आकडे वर्षाचे, मग वाहनाच्या वर्गाचं अक्षर, अनुक्रमांक आणि शेवटचं अक्षर. नोंद आरटीओत नव्हे, संरक्षण खात्यात. मला ही सगळ्यांत प्रामाणिक पाटी वाटते. तिच्यात मालकाचा रुबाब नाही.

नागरी पाटीचं उलट आहे. 1989 पासून ‘एमएच’ आलं. काळ्यावर पांढरी अक्षरं असलेल्या खासगी पाट्या पुढे पांढऱ्यावर काळ्या झाल्या. आणि मानाचा नंबर! 4141 चं ‘दादा’, 214 चं ‘राम’, 8055 चं ‘बॉस’. आकडे असे वळवून रंगवणं केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसत नाही, तरी हौस सुटत नाही. राज्याने ऑगस्ट 2024 मध्ये अशा आवडीच्या नंबराचं शुल्क वाढवलं. ठाणे जिल्ह्यासारख्या मागणीच्या भागात चारचाकीच्या 0001 साठी 6 लाख रुपये पडतात. एवढ्यात एक साधी गाडी येते.

आता उच्च सुरक्षा पाटी आली आहे: डाव्या कडेला निळा ‘आयएनडी’, अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि पुन्हा न उघडणारं कुलूप. चोरीला आळा घालायला ती हवीच, हौशी अक्षरांनाही ती जागा देत नाही. तिच्यासोबत जुनी, हाताने रंगवलेली पाटी काढली जाते. घरात अशी एखादी उरली असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. नंबर रंगवणाऱ्याचा हात आणि गाडीचा काळ, दोन्ही तिच्यावर आहेत.