न चाललेली तलवार : टॉल्किनची कादंबरी आणि जॅक्सनचे चित्रपट

गेल्या पावसाळ्यात मी जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी तिसऱ्यांदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवरून तिन्ही खंड जुने विकत घेतले होते आणि दुसऱ्या खंडाचं मुखपृष्ठ फाटून गेलेलं होतं. दुसऱ्यांदा वाचली ती पीटर जॅक्सन यांचे चित्रपट येणार म्हणून, घाईघाईत. या वेळी मात्र वही घेऊन बसलो. दिवसा प्रकरण वाचायचं, रात्री चित्रपटातला तेवढा भाग बघायचा आणि फरक टिपून ठेवायचा, असा क्रम चार महिने चालला. मी साहित्याचा प्राध्यापक नाही. माझी नोकरी हिशेब तपासणीची. दोन वह्या शेजारी ठेवून एकीतली नोंद दुसरीत का नाही हे शोधायची सवय हाताला होती, तीच इथे वापरली.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॉरॉन नावाच्या दुष्ट सत्ताधीशाने घडवलेली एक अंगठी शायर नावाच्या खेड्यापाड्यांच्या मुलखात राहणाऱ्या फ्रोडोकडे येते. फ्रोडो हॉबिट आहे, म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीच्या, खाण्यापिण्यात आणि बागकामात रमणाऱ्या जमातीतला. अंगठी वापरणारा तिचा गुलाम होतो, म्हणून ती जिथे घडली त्याच ज्वालामुखीत नेऊन टाकायची आहे. सोबतीला सॅम हा त्याचा माळी आहे. वाटाड्या म्हणून मिळतो गॉलम. एकेकाळी ही अंगठी त्याच्याजवळ होती आणि तिच्यापायी त्याचं पार वाटोळं झालं आहे. कादंबरी 1954 आणि 1955 मध्ये तीन खंडांत आली, चित्रपट 2001 ते 2003 या काळात आले आणि तिसऱ्याला अकरा ऑस्कर मिळाली.

पुस्तकातलं काय गाळलं याची यादी करणं हा टॉल्किनप्रेमींचा जुना छंद आहे. माझ्याही वहीत ती यादी होती. पण चौथ्या महिन्यात ती पुन्हा चाळताना लक्षात आलं, की सगळ्यांत मोठे बदल एकाच जागी झालेले आहेत. कादंबरीत जिथे जिथे कुणी काही करू शकत असूनही करत नाही, मारू शकत असूनही मारत नाही, घेऊ शकत असूनही घेत नाही, तिथे चित्रपटाने काहीतरी घडवून आणलं आहे. हा फरक तपशिलाचा नाही, कथेच्या पायाचा आहे.

तो पाया कसा घातला गेला, हेही पाहण्यासारखं आहे. अंगठीची गोष्ट सुरू होते ती 1937 च्या ‘द हॉबिट’मध्ये. फ्रोडोचा वडीलधारा नातेवाईक बिल्बो डोंगराखालच्या भुयारात हरवतो, तिथे त्याला अंगठी सापडते आणि गॉलमशी कोड्यांची पैज लागते. आज आपण वाचतो त्या मजकुरात पैज हरलेला गॉलम त्याला मारायला निघतो. अंगठीमुळे अदृश्य झालेला बिल्बो तलवार घेऊन त्याच्या मागे उभा राहतो. एका घावात काम होणार असतं. त्याच क्षणी त्या अंधारातल्या जिवाचं एकाकीपण बिल्बोला कळतं आणि तो वार न करता त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो. पहिल्या आवृत्तीत मात्र हे काहीच नव्हतं! तिथे गॉलम पैजेत अंगठीच लावतो आणि ती सापडत नाही म्हणून माफी मागून बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. मोठी कादंबरी लिहिताना टॉल्किन यांना ते प्रकरण जुळेना. नव्याने लिहिलेलं प्रकरण त्यांनी 1947 मध्ये प्रकाशकांना नमुना म्हणून पाठवलं आणि 1951 च्या आवृत्तीत ते छापलं गेलं. जुना मजकूर खोटा का ठरला याचा खुलासाही त्यांनी कथेतच केला : ती बिल्बोने आधी सांगितलेली थाप होती.

म्हणजे बिल्बोची दया ही मागाहून भरलेली नोंद आहे. पुढची सगळी बेरीज तिच्याशिवाय जमत नाही, म्हणून लेखकाने छापलेलं पुस्तक पुन्हा उघडून ती भरली. या गोष्टीला लेखक किती महत्त्व देत होता, याचा याहून मोठा पुरावा मला सापडला नाही.

आता पहिला मोठा बदल बघू. फ्रोडो आणि सॅम शत्रूच्या सीमेजवळ फॅरामिर या सेनानीच्या हाती लागतात. याचाच थोरला भाऊ बोरोमिर अंगठीच्या मोहाला बळी पडलेला आहे. सॅम बोलण्याच्या भरात गुपित फोडतो. दोन हॉबिट एकटे, भोवती फॅरामिरचे सशस्त्र लोक. फॅरामिर उठून उभा राहतो, क्षणभर वाचकाचाही श्वास अडकतो, आणि तो खाली बसून हलकेच हसू लागतो. अंगठी तो घेत नाही. चित्रपटातला फॅरामिर मात्र दोघांना कैद करून ऑस्गिलिएथ या उद्ध्वस्त शहरात नेतो, तिथे हल्ला होतो आणि मग त्याचे डोळे उघडतात. चित्रपटकर्त्यांनी याची कारणं दिली आहेत. ज्या अंगठीपुढे सगळे हतबल होतात तिच्यापुढे एकजण सहज सुटला, तर तिची भीती उरत नाही. शिवाय कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात ढकलल्यामुळे दुसऱ्याला शेवटासाठी काहीतरी हवं होतं. पटकथेच्या हिशेबात दोन्ही कारणं मला पटतात.

पण कादंबरीत फॅरामिरचा नकार ‘सहज’ नाही. तो आधीच ठरलेला आहे, इतकंच. मोह समोर आल्यावर झगडणारी माणसं असतात, तशी मोह येण्याआधीच आपण काय करणार नाही हे ठरवून बसलेलीही असतात. माझ्या नोकरीत मी दोन्ही पाहिली. दुसऱ्या प्रकारच्यांवर गोष्ट रचणं अवघड, कारण त्यांच्या बाबतीत बघण्यासारखं काही घडतच नाही. 1944 च्या मे महिन्यात टॉल्किन यांनी दूरदेशी असलेल्या मुलाला कळवलं होतं, की हे पात्र आपण योजलेलं नव्हतं, ते आपणहून कथेत चालत आलं. पुढे एका पत्रात, आपल्याशी मिळतंजुळतं पात्र कुठलं असेल तर ते हेच, असंही त्यांनी लिहिलं. सॉमच्या लढाईत अधिकारी म्हणून राहिलेल्या, जवळचे बहुतेक मित्र त्या महायुद्धात गमावलेल्या लेखकाने स्वतःसाठी लढवय्या बोरोमिर निवडला नाही, हे ध्यानात घेतलं पाहिजे.

दुसरा बदल मला सर्वांत जिव्हारी लागतो. सिरिथ अंगोलच्या पायऱ्यांवर थकलेले दोघे झोपले आहेत, फ्रोडोचं डोकं सॅमच्या मांडीवर आहे. त्यांना कोळिणीच्या तोंडी देण्याचा बेत करून गॉलम परत येतो. त्यांना तसं झोपलेलं पाहून तो थबकतो. त्याच्या चेहऱ्यावरची लबाडी ओसरते, एखाद्या म्हाताऱ्या, थकलेल्या हॉबिटासारखा तो दिसू लागतो आणि भीत भीत फ्रोडोच्या गुडघ्याला हात लावतो. तेवढ्यात सॅमला जाग येते. मालकाजवळ गेलेला तो हात पाहून सॅम त्याच्यावर खेकसतो, चोरटा म्हणतो. क्षण संपतो. गॉलम पुन्हा पहिल्यासारखा होतो आणि दोघांना भुयारात घेऊन जातो.

1963 च्या सप्टेंबरात एका वाचक बाईंना लिहायला घेतलेल्या पत्राच्या मसुद्यात टॉल्किन यांनी हा आपल्या दृष्टीने कदाचित सगळ्या कथेतला सर्वांत करुण क्षण असल्याचं म्हटलं आहे. कुणी मरत नाही, कुणी हरत नाही. सॅमसारख्या भल्या माणसाला समोरच्यातला बदल दिसला नाही, एवढंच घडतं. चित्रपटात हा क्षण नाही. त्याऐवजी गॉलम झोपलेल्या सॅमच्या अंगावर भाकरीचा चुरा टाकतो, उरलेली भाकरी दरीत फेकतो आणि फ्रोडो चोरीच्या संशयावरून सॅमला हाकलून देतो. प्रसंग नाट्यमय आहे, प्रेक्षक चुळबुळतो. पण गॉलम इथे निव्वळ कपटी ठरतो आणि सॅम निव्वळ निर्दोष. कादंबरीतला सॅम तसा नाही.

तेविसाव्या वर्षी ही दोन पानं मी वाचली असणारच, पण आठवत नव्हती. आता ती ओलांडून पुढे जायला मला दोन दिवस लागले. माझा एक चुलतभाऊ दारूपायी घरातलं सगळं गमावून बसला होता. एका संध्याकाळी तो अचानक दारात आला आणि काही न बोलता ओट्यावर बसला. आई म्हणाली, “अरे, आत ये, चहा घे.” मी आतूनच विचारलं, “आज किती हवेत?” तो उठला आणि गेला. त्या दिवशी तो पैसे मागायला आला होता की नाही, हे मला कधीच कळलं नाही. वर्षभरात तो गेला. मी त्याचं काही वाईट केलं नव्हतं. उलट त्याची दोन कर्जं मीच फेडली होती. सॅमनेही गॉलमचं काही वाईट केलेलं नव्हतं.

तिसरा बदल शेवटाचा. ज्वालामुखीच्या कड्यावर फ्रोडो हरतो. तो अंगठी टाकायला नकार देतो आणि बोटात घालतो. गॉलम झडप घालून त्याचं बोट दाताने तोडतो. इथपर्यंत दोन्हीकडे सारखं आहे. कादंबरीत त्यानंतर फ्रोडो काहीच करत नाही. आनंदाने नाचणाऱ्या गॉलमचा पाय कड्यावरून सुटतो आणि तो अंगठीसह खाली जातो. चित्रपटात फ्रोडो पुन्हा उठतो, झटापट होते आणि तीत दोघेही कड्यावरून जातात. फ्रोडो कडेला लोंबकळून वाचतो. दिसायला फरक काही सेकंदांचा आहे. पण कादंबरीचा सगळा हिशेब इथे चुकता होतो. नायक अपयशी ठरल्यावरही काम फत्ते होतं, कारण गॉलम त्या कड्यावर जिवंत हजर आहे. आणि तो जिवंत आहे, कारण बिल्बोने त्याला मारलं नाही, फ्रोडोने मारलं नाही, फॅरामिरने मारलं नाही आणि अगदी शेवटी, डोंगराच्या उतारावर, तलवार उपसलेल्या सॅमनेही मारलं नाही. सॅमने काही काळ अंगठी वाहिलेली असते, म्हणून पायऱ्यांवर त्याला जे दिसलं नाही ते तिथे दिसतं. चित्रपटात सॅमचा हा प्रसंग नाही. त्यामुळे शेवट फ्रोडोच्या धडपडीतून घडल्यासारखा वाटतो, चार माणसांनी रोखलेल्या हातांमुळे नाही.

चौथी गोष्ट पूर्णच गाळलेली आहे. कादंबरीत हॉबिट घरी परततात तेव्हा शायर गुंडांच्या ताब्यात गेलेला असतो, झाडं तोडलेली असतात. गावकरी उठाव करतात. त्यात एकोणीस हॉबिट आणि सत्तरच्या आसपास गुंड मरतात. या लढाईत फ्रोडो तलवार उपसत नाही. शरण आलेल्यांना कुणी मारू नये म्हणून तो मध्ये उभा राहतो आणि ज्याने हे सगळं घडवलं त्या सारुमानने सुरा चालवल्यावरही त्याला जाऊ द्या म्हणतो. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किन यांनी हे प्रकरण कथानकाचा आवश्यक भाग असल्याचं आणि ते सुरुवातीपासून योजलेलं असल्याचं स्पष्ट केलं आहे. चित्रपटातलं शायर मात्र जसं सोडलं तसंच सापडतं.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे : चित्रपट डोळ्यांनी बघायचा असतो, न केलेली गोष्ट पडद्यावर कशी दाखवणार? बरेच दिवस मलाही हे पटत होतं. पण याच दिग्दर्शकाने 2012 साली ‘द हॉबिट’चा पहिला भाग केला आणि त्यात भुयारातला तो क्षण आहे. अदृश्य बिल्बोची तलवार गॉलमच्या गळ्याशी आहे. कॅमेरा गॉलमच्या केविलवाण्या चेहऱ्यावर थांबतो, मग मार्टिन फ्रीमनच्या चेहऱ्यावर येतो आणि तलवार खाली होते. संवाद एकही नाही. न मारणं पडद्यावर स्वच्छ दिसतं. जॅक्सन यांच्या पहिल्या तीन चित्रपटांतही या विषयाचं भान आहेच. दयेबद्दलचा गँडाल्फचा उपदेश कादंबरीत फ्रोडोच्या घरी होतो. चित्रपटात तो मोरियाच्या खाणीतल्या अंधारात नेला आहे, गँडाल्फ दरीत कोसळण्याच्या थोडा आधी, आणि तिथे तो अधिक खोल उतरतो. अँडी सर्किस यांचा स्वतःशीच भांडणारा गॉलम तर कादंबरीइतकाच खरा आहे. म्हणजे माध्यमाला हे जमत नाही असं नाही. थांबायला वेळ द्यावा लागतो. अकरा तासांहून लांब असलेल्या विस्तारित आवृत्त्यांत लढायांना तो मिळाला, पायऱ्यांवरच्या त्या क्षणाला मिळाला नाही.

माझ्या वहीत आता दोन रकाने आहेत. एकात चित्रपटाने जोडलेलं, दुसऱ्यात गाळलेलं. दुसऱ्या रकान्यात सगळ्यांत वर मी पायऱ्यांवरचा तो प्रसंग लिहून ठेवला आहे. आई अजूनही संध्याकाळी दार उघडं ठेवते, आणि ओट्यावर कुणी येऊन बसलं, तर आधी चहा विचारायचा, एवढं मी शिकलो आहे.