खडकाने धरलेले तेल

ऐंशीच्या दशकात हिंगोलीच्या बाजारात हातोहात फिरणाऱ्या एक रुपयाच्या नोटेवर ‘सागर सम्राट’ होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात तेल लागले, ते याच रिगला. मे १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’चे उत्पादन सुरू झाले. हिंगोलीच्या शेतांखाली जो दख्खनचा काळा खडक आहे, तोच या तेलक्षेत्राच्या तळाशीही सापडतो. तेल मात्र मुख्यतः त्याच्या वरच्या चुनखडीत.

सुरुवातीला खडकातला दाबच तेल वर ढकलत होता. तो उतरू लागला तशी १९८४ पासून समुद्राचेच पाणी शुद्ध करून खडकात सोडले जाऊ लागले. मार्च १९८५ मध्ये उत्पादन दिवसाला ४ लाख ७१ हजार पिंपांवर पोहोचले. उतरण त्यानंतरची.

पाण्याची गत हळदीच्या वावरातल्यासारखी झाली. सखल सरी सापडली की पाणी तिथूनच धावते, बाकीच्या कोरड्या राहतात. चुनखडीच्या सैल थरांतून पाणी थेट उत्पादक विहिरीत उतरले. घट्ट थरांतले तेल जागचे हललेच नाही. २००० नंतरच्या पुनर्विकासात नव्या आणि आडव्या विहिरी खोदून ओएनजीसीने हे वगळले गेलेले तेल गाठायचा प्रयत्न केला.

पाणी पोहोचले तिथेही सगळे तेल निघत नाही. हे दुखणे वेगळे, आणि जास्त चिवट. खडकातल्या दोन छिद्रांना जोडणाऱ्या अरुंद गळ्यात भिंतीलगतचे पाणी फुगते, तेलाची धार तुटते आणि मागे एकटा थेंब अडकतो. गळ्यातून निसटायला त्याला आकार बदलावा लागतो. तेल-पाण्यामधला ताण ते होऊ देत नाही. पंपाचा दाब इथे तोकडा पडतो. चुनखडीत तर तेल अनेकदा भिंतीलाच चिकटून बसते.

हा ताण तोडायची रसायने आहेत. गुजरातेत विराज क्षेत्रात २००२ मध्ये अल्कली, साबणी द्रव्य आणि पॉलिमर यांचे मिश्रण सोडून पाहिले गेले. बलोल आणि सांथल इथे जाड तेल पातळ करायला खडकात हवा सोडून चक्क आग धुमसत ठेवली गेली. समुद्रात हे सोपे नाही. फलाटावर जागा मोजकी, खाऱ्या पाण्यातल्या कॅल्शियमशी अल्कलीचा साका बनतो आणि महागडी द्रव्ये चुनखडीच शोषून घेते.

एप्रिल २०२४ मध्ये ‘बॉम्बे हाय’चे उत्पादन दिवसाला १ लाख ३४ हजार पिंपांवर होते. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने तांत्रिक साहाय्यासाठी ‘बीपी’ या तेल कंपनीची दहा वर्षांसाठी निवड केली.