मान्यता आणि मूल्यमापन : बीटी वांग्याच्या निमित्ताने

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात स्थापिलेल्या महिको या बियाणे कंपनीचा परिचय मराठवाड्यातील शेतकऱ्यास करून द्यावा लागत नाही. २००२ साली भारतात लागवडीसाठी प्रथम मान्यता मिळालेली बीटी कापसाची वाणे याच कंपनीची होत. पुढे तिने बीटी वांगे सिद्ध केले. मातीतील एका जिवाणूचे जनुक वांग्यात घातले असता झाड स्वतःच शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीस मारक असे प्रथिन तयार करते. ते निर्धोक आहे की नाही, याचा निवाडा भाषेच्या अभ्यासकाने करावयाचा नाही. लोकांचा विश्वास कोठे ढळला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

१९८९ च्या नियमांन्वये परवानगी देणाऱ्या केंद्रीय समितीचे नाव ‘जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समिती’ असे होते. म्हणजे नावातच निकाल! परीक्षा मंडळास ‘उत्तीर्ण मंडळ’ म्हणावे, तसा हा प्रकार. चाचण्यांची माहिती अर्जदारानेच सादर करावयाची, ही पद्धत अन्य देशांतही आहे व तीत मुळात वावगे काही नाही. मात्र ती माहिती त्रयस्थ अभ्यासकास तपासता आली पाहिजे. येथे नेमके तेच अडले. माहितीच्या अधिकाराखाली तिची मागणी झाली, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला, आणि विषारीपणा व अ‍ॅलर्जी यांविषयीची माहिती खुली करावी असे २००८ साली सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले. आरंभीच स्वेच्छेने दिली असती तर जी माहिती केवळ माहिती ठरली असती, ती न्यायालयाच्या दारातून आल्यामुळे कबुलीजबाबासारखी वाचली गेली.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी समितीने अनुकूल निर्णय दिला. त्यानंतर तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. (‘जनसुनावणी’ या समासाचा विग्रह कसा करावा? लोकांचे ऐकून घेणे, की लोकांना ऐकविणे?) आधी निर्णय व मग सुनावणी, असा हा उलटा क्रम होता. ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर झाली. त्याच वर्षी समितीच्या नावातील ‘मान्यता’ जाऊन तेथे ‘मूल्यमापन’ आले. इंग्रजीत दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच असल्याने ‘जीईएसी’ हे लघुरूप मात्र जसेच्या तसे राहिले, व पुष्कळांना हा बदल कळलाही नसावा. बांगलादेशाने बीटी वांग्याच्या लागवडीस २०१३ साली अनुमती दिली.

माहिती खुली झाली ती इंग्रजीत, हाही मुद्दा गौण नव्हे. बोलभाषेत ‘विषारी’ हे विशेषण होय-नाही अशा जातीचे आहे : पदार्थ विषारी असतो किंवा नसतो. विषशास्त्रात मात्र तो मात्रेचा प्रश्न असतो. कोणत्या प्राण्यांना, किती प्रमाणात व किती दिवस ते प्रथिन दिले, हे सांगितल्यावाचून ‘विषारी नाही’ या वाक्याने भोकरदनच्या वांगे-उत्पादकास काहीच कळत नाही. चाचण्यांचा असा मराठी गोषवारा अर्जासोबतच मागण्याचा नियम करणे अवघड नाही, आणि त्याची परिभाषा सिद्ध करण्याचे काम आपल्यासारख्या विभागांकडेच येते.