चौसष्ट दिसतात, म्हणून चौसष्ट द्यायचे?

क्लस्टरमधल्या 32 कोरांच्या नोडवर हायपरथ्रेडिंग चालू केलं की लिनक्स 64 सीपीयू दाखवतं. इथूनच घोटाळ्याला सुरुवात होते.

गैरसमज: थ्रेड दुप्पट झाले, म्हणजे कामही दुप्पट होणार.

2002 मध्ये ही सोय बाजारात आणताना खुद्द इंटेलचा दावा फार तर 30 टक्के वाढीचा होता. एका कोरातले दोन थ्रेड तीच गणिती यंत्रणा आणि तीच कॅश वाटून घेतात. एकाचा डेटा मेमरीतून यायचा असतो, तेवढ्यात दुसरा आपलं काम उरकतो. समजा, एकटा जॉब 10 तासांत संपतो आणि एकाच कोरावर दोन बसवले तर दोघांनाही 16 तास लागतात. जॉबचा मालक म्हणणार, क्लस्टर मंदावला. पण एकामागून एक चालवले असते तर 20 तास गेले असते. म्हणजे एकूण काम 25 टक्के जास्त झालं. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरचा डेटा तपासणाऱ्या ग्रिडवर (मुंबईची टीआयएफआरही त्यात आहे) सुटे जॉब हजारोंनी येतात, त्यामुळे तिथे हा हिशोब सहसा परवडतो. मात्र जड मॅट्रिक्स-गणित करणारा प्रोग्राम कोराची गणिती यंत्रणा एकटाच व्यापतो. तिथे दुसऱ्या थ्रेडची नुसती अडगळ.

गैरसमज: मग स्लॉटही (एकेका जॉबच्या जागा) 64 ठेवा.

आणि रॅम? नोडला 128 जीबी असेल तर 32 स्लॉटांना प्रत्येकी 4 जीबी मिळते, 64 स्लॉटांना 2. बरेच जॉब 3 जीबीवर गेले की स्वॅपिंग सुरू होतं आणि सगळेच रखडतात, नाहीतर कर्नल एखाद्याचा बळी घेतो. 40 किंवा 48 स्लॉट ठेवायला कुणी अडवलेलं नाही. आपलेच जॉब चालवून, मोजून आकडा ठरवावा. जॉब वाटून देणारा एचटीकॉन्डॉर सुरुवातीला थ्रेडच सीपीयू म्हणून मोजतो, पण ते सेटिंग बदलता येतं.

गैरसमज: हायपरथ्रेडिंग नको असेल तर बायोसमधूनच बंद करावं लागतं.

गरज नाही. स्लर्म या जॉब-शेड्युलरमध्ये जॉब टाकतानाच, कोरामागे एकच थ्रेड वापरा, असं सांगता येतं.

गैरसमज: सीपीयूचा वापर 50 टक्के दिसतोय, म्हणजे निम्मा नोड मोकळा आहे.

हा सगळ्यांत चिवट. 32 कोरांवर एकेक जॉब चालू असला की आलेख 50 टक्केच दाखवतो. वरच्याच उदाहरणाचा हिशोब धरला, तर त्या नोडची 80 टक्के ताकद तेव्हाच कामाला लागलेली असते.