पाण्याचे फक्त दहा रेणू!

ओल्या हाताने विजेच्या बटणाला हात लावलात की घरातलं कुणी ना कुणी ओरडतंच. बरोबरच आहे! नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. अगदी शुद्ध पाण्यातून मात्र ती फारच थोडी वाहते. मग अशा पाण्याचे मोजून दहा रेणू विजेच्या तारेचं काय करणार? पण तार जर एकाच रेणूची असेल तर?

अशी तार खरोखर बनवतात. सोन्याची बारीक सुई सोन्याच्याच पत्र्याला टेकवायची आणि हळूहळू मागे ओढायची. सोनं गुळाच्या पाकासारखं ताणत जातं. शेवटी मध्ये एकच अणू उरतो. तेव्हा विद्युतरोध भरतो सुमारे १३ हजार ओहम. आणखी ओढलं की सोनं तुटतं आणि जवळपास पसरलेला एखादा लांबट रेणू त्या फटीत पुलासारखा अडकतो. दर वेळी अडकेलच असं नाही, म्हणून हा खेळ हजारो वेळा खेळावा लागतो. चिकाटी हवी हो!

आता पाण्याकडे वळू. त्याचा रेणू इतका लहान, की एका मिलिमीटरवर सुमारे ३५ लाख रेणू ओळीने मावतील. त्याची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनकडची किंचित धन. ऑक्सिजनच्या बाजूने तो धातूला धरू पाहतो. प्लॅटिनमला जरा घट्ट, सोन्याला सैलसर. सपाट सोन्यावर हे रेणू एकमेकांचेच हात धरून बसतात. सुईच्या टोकावरच्या अणूला मात्र शेजारी कमी, तिथे पाणी अधिक बरं टिकतं. आणि आपला पूल नेमका तिथेच बांधलेला!

२००९ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूल आणि लँकेस्टर विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी गंधक असलेल्या कड्यांचे रेणू असे जोडले. कड्या जितक्या जास्त, तितका पाण्याचा परिणाम मोठा. सर्वांत लांब रेणूभोवती पाण्याच्या अवघ्या दहा रेणूंचं कोंडाळं असलं, तर त्याची वाहकता शंभरपटीहून अधिक वाढते, असं निघालं.

वीज पाण्यातून गेली का? नाही, ती पुलावरूनच गेली. पाण्याच्या धन-ऋण बाजूंनी पुलाचा उंबरठा तेवढा खाली आणला, आणि इलेक्ट्रॉनांची वाट सोपी झाली.

म्हणजे पंचाईतच की! रेणूची वाहकता मोजली म्हणायचं, आणि त्यात हवेतल्या दमटपणाचाही वाटा. त्या शास्त्रज्ञांनी मात्र यातूनच एक युक्ती सुचवली: भोवती कोणते रेणू जमले आहेत, हे ओळखायला हाच एका रेणूचा पूल पहारेकरी म्हणून बसवायचा.